बाळ बघून झालं? आता ताईकडे बघा!

ताई बाळंतपणाला माहेरी आलीये. बाळ झालं, फॅमिली ग्रुपवर फोटो पडले, पेढे वाटून झाले. येणारा प्रत्येक जण आधी पाळण्यात डोकावतो. पण टाके दुखतायत, रात्रभर झोप नाही, हे ताईला कोण विचारतं?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देतात. त्यात तथ्य आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण ६ आठवडे लागतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडूही खुशाल द्या. पण ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा सल्ला चुकीचा. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्तच लागतं. कमी पडलं की बद्धकोष्ठता होते, टाक्यांवर ताण येतो. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको, तिचा वायू जीवघेणा ठरू शकतो. आणि विश्रांती म्हणजे नुसतं पडून राहणं नव्हे. घरातल्या घरात थोडं चाललं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

काही गोष्टी मात्र ‘होतं असं’ म्हणून सोडायच्या नाहीत. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज आली, तर लगेच दवाखाना गाठायचा. दोन आठवड्यांनंतरही सतत रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

तेव्हा नव्या मावशी-मामांनो, सबमिशन थोडं बाजूला ठेवा. तासभर बाळ सांभाळा, ताईला झोपू द्या. उठली की विचारा, ‘तू कशी आहेस?’