चंचल मूल आणि छायाचित्रकार

तंजावरी चित्रांतला बाळकृष्ण लोण्याचा गोळा हाती धरून रांगत असतो. चित्रकाराला त्याचा खोडकरपणा कधी नडला नाही. तो नडला छायाचित्रकाराला. १८५८ साली लिनीअस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची छायाचित्रे घेतली. तेथील शिलालेखांचे लांबलचक चित्र त्याने एकवीस छायाचित्रे जोडून सिद्ध केले. शिलालेख हलत नाहीत, हे त्याचे भाग्य! त्याच्या कागदी निगेटिव्हवर प्रतिमा उमटेपर्यंत दोन वर्षांच्या मुलाचा नुसता धुकट पट्टा उरला असता.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. पुढे क्षणार्धात चित्र घेणे शक्य झाले. तरीही ‘हलू नकोस’ हा दरारा मात्र स्टुडिओतून गेला नाही.

वास्तविक आता सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. मग मुलाला दटावायचे कशाला? तंजावरच्या तमिळ घरांत वळैकाप्पूच्या दिवशी गर्भवतीच्या हातांत काकणे भरतात. त्यांची किणकिण पोटातल्या बाळाला ऐकू जाते, अशी समजूत आहे. मराठी घरांत डोहाळजेवण असते. अशा वेळी आईला खिडकीच्या उजेडात बसवावे, वडिलांना जवळ घ्यावे, आणि थोरल्याला बाळासाठी काकणे वाजवायला सांगावे. तो पोटाला कान लावतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांइतका खाली आणून तयार असावा. थोड्याच आठवड्यांत तो दादा होणार असतो. त्याच्या एकुलतेपणाचे हे अखेरचे चित्र.