हलीमचा ‘ह’ कोणता?

रमजानचा चांद दिसला की नगरच्या मोहल्ल्यांत असरच्या नमाजनंतर मोठमोठे हंडे रस्त्याकडेला येतात. मागचा फलक वाचावा तर कुठे ‘हलीम’, कुठे ‘हलिम’, कुठे ‘हालीम’. यातला शेवटचा सगळ्यांत धोक्याचा. किराणा दुकानात जाऊन हालीम मागितलं तर दुकानदार अळिवाची पुडी हातावर ठेवायचा. बाळंतिणीच्या लाडवांत घालतात ते अळीव, हिंदीत हालिम. गहू, डाळ आणि मटण रात्रभर शिजवून, घोटून केलेला पदार्थ तो हलीम. ‘ह’ आखूड, ‘ली’ लांब.

इथपर्यंत सोपं. पुढचा प्रश्न उर्दू शाळेतल्या मुलांना पडतो, मराठी शाळेतल्यांना पडतच नाही. उर्दूत ‘ह’ दोन आहेत. एक ‘बडी हे’, अरबीत घशाच्या खोलातून येणारी. दुसरी ‘छोटी हे’, साध्या श्वासाची. हलव्याची हे बडी, हवेची छोटी. बोलताना मात्र हिंदुस्थानात दोन्ही एकच होतात. फराहबाग आणि हश्त बिहिश्त या नगरच्या दोन निजामशाही बागा. फराह म्हणजे आनंद, त्यात बडी हे; बिहिश्त म्हणजे स्वर्ग, त्यात छोटी. नगरकर पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही नावं एकाच ‘ह’ने घेत आले आहेत आणि त्यामुळे कुणी वाट चुकल्याचं ऐकिवात नाही.

पण हलीमच्या मूळ अरबी भावंडाचं नाव घेताना गंमत होते. त्याचं नाव हरीस किंवा हरीसा. छोटी हे, आणि धातूचा अर्थ कुटणं, ठेचणं. तोच उच्चार बडी हे आणि ‘स्वाद’ या अक्षराने लिहिला की उर्दूत ‘हरीस’ म्हणजे हावरा! हलीमचा अर्थ मात्र सहनशील, धीराचा. म्हणजे एकाच दस्तरख्वानावर धीराचा आणि हावरा शेजारी-शेजारी. इफ्तारला पाच मिनिटं उरली असताना हा फरक कुणाला समजावून सांगायला नको.

ही दोन्ही नावं आपल्याकडे जुनी आहेत. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्याची यादी दिली आहे, तीत हरीसा वेगळा आणि हलीम वेगळा. हरीशात मांस आणि कुटलेला गहू. हलीमात त्याबरोबर हरभरा आणि सलगम, गाजर, पालक अशा भाज्याही. हाच अबुल फजल पुढे नगरच्या मोहिमेच्या काळात दख्खनेत होता.

अलीकडे मोबाइलवर दरवर्षी एक संदेश फिरतो. ‘अल-हलीम’ हे अल्लाहचं नाव आहे, म्हणून पदार्थाला हलीम म्हणू नका, ‘दलीम’ म्हणा. भावना आदराची आहे, यात शंका नाही. पण कुरआनात हलीम हा शब्द माणसांसाठीही आला आहे. हजरत इब्राहीम यांना हलीम म्हटलं आहे, आणि त्यांना मिळालेल्या पुत्राच्या शुभवार्तेतही ‘हलीम’ मुलगा असंच वर्णन आहे. विशेषण म्हणून तो खुला शब्द आहे. उलट ‘दलीम’ला ना अरबी घर, ना दख्खनी. घरातल्या म्हाताऱ्या दादीने सत्तर वर्षं उच्चारलेला शब्द नातवाने मोबाइल दाखवून चुकीचा ठरवावा, आणि तिने पुढच्या वेळी वाडगं पुढे करताना नावच गिळून टाकावं, यात आदर कुणाचा झाला?

खिचड्याचं असं काही होत नाही. तोही गहू-डाळ-मटणाचाच, फक्त त्यात बोटी अख्खी राहते, हलीमात ती विरघळून जाते. मोहरमच्या दहाव्याला घरोघर तो शिजतो. नाव देशी असल्यामुळे कुणी त्याच्या उच्चाराची परीक्षा घेत नाही.

अरबी बोलणाऱ्या देशांत तरी एकमत असेल, ही समजूतही खरी नाही. कुसकुस घ्या. रव्याला पाणी लावून हाताने वळलेले बारीक दाणे, वाफेवर शिजवलेले. २०२० साली युनेस्कोने अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांच्या नावाने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. अरबीत ते कुस्कुस, दोन्ही ‘कु’ आखूड (मराठीत बोलताना त्याची खसखस होऊ द्यायची नाही, एवढंच). तिथल्या अमाझिघ लोकांच्या बोलीत तेच सक्सू. अल्जीरियात कित्येक ठिकाणी नुसतं ‘तआम’, म्हणजे जेवण. हरीसाही तसाच. आखाती देशांत तो गहू-मांसाचा, ट्युनिशियात मात्र लाल मिरचीची चटणी, कारण तीही कुटूनच होते.

हैदराबादचा बारकस मोहल्ला हरीससाठी प्रसिद्ध आहे. यमनहून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज तिथे राहतात. ‘बारकस’ हे नाव आलं इंग्रजी ‘बॅरेक्स’वरून. अरबांच्या वस्तीला इंग्रजी नाव, तेही दख्खनी जिभेने वळवलेलं. तिथे हरीस गोडही मिळतो आणि खाराही. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर नगरपर्यंतच्या फलकांवर ‘हैदराबादी’ हा शब्द कधीच चुकत नाही.

मराठीने मात्र या शब्दाला केव्हाच आपल्या व्याकरणात बसवून घेतलं आहे. गरीबचं ‘गरिबाला’ होतं, तसं हलीमचं ‘हलिमाला’. उर्दूत तो पुल्लिंगी. मराठीत ‘ते हलीम’. इफ्तारनंतर हंड्यापाशी येणारी बिगरमुस्लिम मंडळी ‘हलिमात लिंबू जास्त पिळा, वर तळलेला कांदा घाला’ म्हणतात, आणि उर्दू बोलणारा विक्रेताही ‘घेतलं का तुम्ही हलीम?’ असंच विचारतो.