नकाशासकट मिळणारा लॅपटॉप

एमएनटी रिफॉर्म नावाच्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, वर्तुळाची खूण असलेली एक कळ आहे. ती दाबून मग बी दाबला की कीबोर्डच्या वरच्या बाजूच्या चिमुकल्या पडद्यावर आतल्या आठही सेलचा व्होल्टेज वेगवेगळा दिसतो. सात सेल ३.३च्या आसपास आणि एक २.८वर रेंगाळत असेल, तर दुखणं कुठं आहे ते कळलं. लॅपटॉप बंद करायचा, तळाचे स्क्रू काढायचे आणि तेवढा एक सेल काढून त्याच जातीचा दुसरा बसवायचा. सेल १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. आत लिथियम आयर्न फॉस्फेट. साध्या लिथियम-आयन सेलपेक्षा यात वीज कमी मावते, पण तो सहसा पेट घेत नाही आणि चार्जिंगच्या कितीतरी जास्त फेऱ्या टिकतो. बनवणाऱ्यांनी टिकाऊपणा निवडला आणि त्यासाठी जाडी व वजन पत्करलं. रिफॉर्म चार सेंटिमीटर जाड आहे.

आपल्याकडे लॅपटॉप दुरुस्तीला नेला की बहुतेक वेळा ‘बोर्ड गेला, बदलावा लागेल’ एवढंच ऐकू येतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘चिप लेव्हल’ काम करणारे हुशार कारागीर आहेत. गेलेला कपॅसिटर किंवा आयसी हुडकून बदलायचं कसब त्यांच्या हातात आहे. पण त्यासाठी त्या बोर्डाचं स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, हाती असावं लागतं. कंपन्या ते देत नाहीत, मग कुठून तरी फुटून बाहेर आलेल्या पीडीएफवर काम भागवावं लागतं. घर आपल्या मालकीचं, पण त्याचा नकाशा बिल्डरच्या कुलपात, अशी ही गत. मला हा अन्याय वाटतो, आणि म्हणूनच बर्लिनच्या या छोट्या कंपनीचं काम मोलाचं वाटतं.

एमएनटी रिसर्च ही लुकास हार्टमान यांची कंपनी. जुन्या अमिगा संगणकांसाठी नवं ग्राफिक्स कार्ड बनवून त्यांनी हार्डवेअरच्या धंद्यात पाय ठेवला. २०१७च्या सुमारास डिझायनर आना दान्तास यांच्यासोबत त्यांनी थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या सांगाड्यात रिफॉर्मचा पहिला नमुना उभा केला. २०२० मध्ये क्राउड सप्लाय या संकेतस्थळावर लोकवर्गणीतून पैसा जमला आणि पुढच्या वर्षी लॅपटॉप लोकांच्या हाती पडू लागले. काळ्या अ‍ॅल्युमिनियमचं अंग, तळाला आरपार दिसणारं अ‍ॅक्रिलिक, कॅमेरा आणि माइक मुळातच नाहीत. सोबत छापील माहितीपुस्तक. हवा तर जोडलेला घ्या, नाहीतर सुटे भाग मागवून स्वतः जोडा.

बोर्डांचं स्कीमॅटिक, पट्ट्यांची मांडणी, सांगाड्याची रेखाटनं, कीबोर्डचं फर्मवेअर हे सगळं खुलं आहे. बोर्ड किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आखलेले. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी किकॅडची सुरुवात केली आणि २०१३ पासून सर्न या अणुसंशोधन संस्थेने त्यात हातभार लावला. हार्डवेअरसाठी खुला परवानाही सर्ननेच लिहिला आहे. रिफॉर्मने त्यातला सर्वांत कडक प्रकार घेतला आहे : आराखडा घ्या, बदला, बनवून विका, पण बदललेला आराखडाही तसाच खुला ठेवा. सॉफ्टवेअरची नक्कल फुकट होते. बोर्डाची करायची तर तांबं, कारखाना आणि पैसा लागतो. त्यामुळे हार्डवेअरमध्ये पूर्ण यंत्राची नक्कल करणारे थोडेच. त्यातला एखादाच तुकडा बदलणारे मात्र पुष्कळ निघतात, आणि सहकार्याची खरी जागा तीच.

रिफॉर्मचा सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे प्रोसेसर. तो मदरबोर्डवर झाळलेला नाही. रॅमच्या पट्टीसारखा तो एका वेगळ्या पट्टीवर असतो आणि खाचेत बसतो. सुरुवातीला एनएक्सपीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी होती. २०२० मध्येसुद्धा हे कमीच, आणि लोकांनी तसं बोलूनही दाखवलं. पण खाच तीच राहिली. पुढे रास्पबेरी पाय आणि बनाना पायची छोटी मॉड्यूल बसवणारा अ‍ॅडॉप्टर आला, तसंच १६ जीबीपर्यंत जाणारं मॉड्यूल, एक एफपीजीएचं (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपचं) मॉड्यूल, आणि नंतर रॉकचिपच्या आरके३५८८ प्रोसेसरचं, ज्यात ३२ जीबीपर्यंत मेमरी मिळते. ज्याने पहिल्या खेपेत लॅपटॉप घेतला, त्याला पडदा, कीबोर्ड, सांगाडा काहीही न टाकता आठपट मेमरी बसवता येते. बाकीच्या बाजारात मेमरी बोर्डालाच झाळून टाकायची रीत पडत असताना हे घडलं.

वापरणाऱ्यांनी सांगाड्याच्या बाजूच्या पट्ट्या थ्रीडी प्रिंटरवर छापल्या, कीबोर्डचं फर्मवेअर नव्याने लिहिलं, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या तयार प्रतिमा सांभाळायचं काम अंगावर घेतलं. एक दोषही असाच चव्हाट्यावर आला. बंद लॅपटॉप बराच काळ पडून राहिला की सेल पार उतरून निकामी व्हायचे. आराखडा सगळ्यांसमोर असल्याने वीज कुठून झिरपते ते बाहेरच्यांनाही शोधता आलं, आणि कंपनीने सेलना संरक्षण देणारे नवे बॅटरी बोर्ड काढले.

अमेरिकेतली फ्रेमवर्क कंपनी २०२१ पासून सहज उघडणारे, भाग बदलता येणारे लॅपटॉप विकते आणि तिचा पसारा कितीतरी मोठा आहे. तिने मेनबोर्डाची मापं आणि जोडण्या खुल्या केल्यामुळे डीपकम्प्युटिंग या दुसऱ्या कंपनीला त्याच सांगाड्यात बसणारा, रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरचा बोर्ड बनवता आला. पूर्ण स्कीमॅटिक मात्र जाहीर नाही. रिफॉर्मचं पाऊल त्यापुढचं आहे, पण तोही पूर्ण खुला नाही. पहिल्या प्रोसेसरला सुरू होताना मेमरी जुळवण्यासाठी एक बंद फाइल लागते, आणि आरके३५८८चं मूळ मॉड्यूल दुसऱ्या कंपनीकडून येतं. चिपच्या आतलं सिलिकॉन तर बंदच. किंमतही भरपूर. २०२०च्या लोकवर्गणीत ती हजार डॉलरच्या घरात होती, तेही सुटे भाग घेतले तर. त्या पैशांत याहून कितीतरी वेगवान लॅपटॉप मिळतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा लॅपटॉप विकत घेणं परवडणार नाही, पण त्याचा आराखडा वाचायला काहीच पैसे पडत नाहीत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने बनवलेलं ईसिम हे सर्किट तपासायचं सॉफ्टवेअर किकॅडच्याच आधारावर उभं आहे, त्यामुळे अभियांत्रिकीच्या बऱ्याच मुलांना किकॅडची ओळख आधीच असते. सुरुवात मूळ कीबोर्डच्या बोर्डापासून करावी. त्यावरचा एटीमेगा३२यू४ हा मायक्रोकंट्रोलर आर्डुइनो लिओनार्डोमध्येही असतो, आणि तो बोर्ड आपल्या बाजारात सहज मिळतो.