मिरगीची गोळी

फेफरे, अपस्मार आणि आपल्या लालबर्रा-वारासिवनीकडील बोलण्यातली मिरगी, ही एकाच रोगाची नावे होत. झटका आला की कोणी कांदा हुंगवतो, कोणी जोडा नाकाशी धरतो, कोणी ताईत बांधावयास नेतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच थांबतो आणि श्रेय मात्र कांद्यास मिळते. गोळीचे नेमके उलट आहे. ती झटका येऊच देत नाही. त्यामुळे तिने काही केले असे कोणास दिसत नाही. चार महिने सुखाचे गेले की घरची मंडळी म्हणतात, आता बरे झाले, कशाला उगाच औषध? आणि तेथेच घात होतो.

आपल्या मेंदूतील पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींशी बोलत असतात. झटक्याच्या वेळी पुष्कळशा पेशी एकदम, बेताल बोलू लागतात. भरलेल्या वर्गात सगळी मुले एकाच वेळी ओरडू लागावी, तसे. ही लहर उठते ती पेशीच्या भिंतीतील सोडियमच्या सूक्ष्म दारांतून. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे वारंवार उघडणारी ती दारे काही काळ मिटून ठेवतात. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझॅम दुसऱ्या वाटेने जातात: मेंदूत ‘गाबा’ नावाचे शांत करणारे द्रव्य असते, त्याचा जोर ती वाढवतात. व्हॅल्प्रोएट अनेक वाटांनी काम करते. त्याचा शोध मोठा गमतीचा आहे. १९६२ साली फ्रान्समध्ये ते इतर औषधे विरघळविण्यापुरते वापरीत होते, आणि झटके थांबविण्याचा गुण त्या द्रवातच निघाला!

यांपैकी फेनोबार्बिटोन सर्वांत जुने, १९१२ पासूनचे, आणि आजही स्वस्त. योग्य औषध नियमाने घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र रोग मुळापासून जातोच असे नाही. याच औषधांपैकी काही चेहऱ्याच्या शिरेच्या कळा, अर्धशिशी व मनाचे काही विकार यांवरही देतात; तेव्हा चिठ्ठीवर नाव दिसले म्हणजे मिरगीच, असे शेजाऱ्यांनी ठरवू नये.

आता त्रासाविषयी. सुरुवातीस गुंगी व चक्कर येते. वर्गात पेंगणारा असा मुलगा मठ्ठ नसतो, हे आम्हा शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढते व क्वचित यकृतास इजा होते, लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव चिडका होतो. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग येण्याचा धोका मोठा. म्हणून मुलींना व तरुण स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. पण दिवस गेल्याचे कळताच घाबरून आपल्या मनाने गोळी सोडणे, हेही आईच्या जिवावर बेतू शकते.

गोळी एकदम तोडली, तर झटक्यामागून झटका येतो, मध्ये शुद्धच येत नाही. यात मृत्यूही येतो. साधारणतः दोन वर्षे एकही झटका न आल्यास डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात, तेही हळूहळू, काही महिने लावून. रमजानमध्ये रोजा ठेवायचा असेल, तर महिना लागण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारून वेळा ठरवाव्या. दोन वेळांची गोळी सहरी-इफ्तारला बसवता येते. परंतु जागरणानेही झटका येतो. आजाऱ्यास रोजा न ठेवण्याची सवलत कुराणातच आहे.

पुष्कळ मुलींची गोळी सुटते ती लग्नात. सासरी कळू नये म्हणून डबी माहेरीच राहते. ‘मिरगी असली की लग्न कायद्याने होत नाही’ ही समजूत अजून ऐकू येते. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत मिरगीची तशी अट खरोखरच होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली. तेव्हा बोलणी चालू असतानाच रोग सांगावा, आणि मुलगी सासरी निघाली की तिच्या पेटीत निदान महिन्याच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.