व्हॉल्व्ह लाल का झाला?

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्यात राहणारा एक विद्यार्थी एकदा आजोबांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेऊन माझ्याकडे आला. रेकॉर्ड लावली की पाच-दहा मिनिटे गाणे ठीक वाजे. मग आवाज फाटू लागे आणि एका व्हॉल्व्हमधला पत्रा लालबुंद होई. व्हॉल्व्ह गेला असे समजून त्याने साठवलेल्या पैशांतून नवा आणून बसवला. तोही लाल झाला!

"सर, आता सगळेच भाग नवे आणि भारी घालू का?" त्याने विचारले.

"आधी मोजू, मग बदलू," मी म्हणालो.

काय मोजायचे हे कळण्यासाठी व्हॉल्व्हचे काम समजून घेऊ. फ्लेमिंग यांनी 1904 साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. पुढे 1906 मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र घातले. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि धन दाबाच्या ॲनोडकडे, म्हणजे त्या पत्र्याकडे, धावतात. वाटेत तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. कालव्याच्या दारासारखे तिचे काम. ग्रिडवरचा दाब जरासा बदलला की प्रवाह पुष्कळ बदलतो. हेच विवर्धन.

या ॲम्प्लिफायरमध्ये ईएल 84 हा व्हॉल्व्ह होता. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्यातही तो बनत असे. त्याच्या ॲनोडवर 250 व्होल्ट दाब असतो आणि ग्रिड कॅथोडपेक्षा सुमारे 7 व्होल्ट ऋण असते. तेव्हा ॲनोडमधून 48 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. गुणाकार करून पाहा : 250 × 0.048 = 12 वॉट. ॲनोडला सोसणारी कमाल उष्णता नेमकी एवढीच आहे!

आधीच्या व्हॉल्व्हचा ध्वनिसंकेत या ग्रिडवर एका कंडेन्सरमधून येतो. कंडेन्सरने बदलता संकेत पुढे जाऊ द्यायचा आणि मागचा 150 व्होल्टचा स्थिर दाब अडवायचा. आमच्या यंत्रातला कंडेन्सर मेणकागदाचा होता. कित्येक पावसाळ्यांचा ओलावा त्यात मुरला होता. त्याचा रोध 50 मेगओहम उरला असे धरा. ग्रिडला जोडलेला रोध आहे 470 किलोओहम. ओहमच्या नियमाने ग्रिडवर सुमारे 1.4 व्होल्ट धन दाब येतो. एवढ्याने प्रवाह पाच-सहा मिलिअँपिअर वाढतो आणि उष्णता 13 वॉटच्या पुढे जाते. यंत्र तापले की गळती आणखी वाढते. म्हणून बिघाड पाच-दहा मिनिटांनी दिसे.

मी मीटर लावला. ग्रिडच्या रोधावर शून्य दाब हवा होता. तेथे दीड व्होल्टच्या आसपास दिसला आणि तो चढत होता. व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजले, तरी दाब कायम! म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता. 0.1 मायक्रोफॅरडचा, 630 व्होल्टचा प्लॅस्टिक फिल्मचा स्वस्त कंडेन्सर बसवला आणि पत्रा पुन्हा काळा दिसू लागला. आणखी काही दिवस तसेच वाजवले असते, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळाला असता, आणि तसा आज सहज मिळत नाही.

"मग 1 मायक्रोफॅरडचा घातला तर आवाज आणखी सुधारेल?" त्याचा पुढचा प्रश्न. सूत्र वापरा : f = 1/(2πRC). 0.1 मायक्रोफॅरडला उत्तर येते 3.4 हर्ट्झ. आपले कान 20 हर्ट्झच्या खालचे ऐकतच नाहीत. मग दहापट कंडेन्सर कोणासाठी?

वीजपुरवठ्यातल्या कंडेन्सरचेही असेच आहे. तो वाळला की 100 हर्ट्झची घरघर ऐकू येते. तेव्हा तो बदलायलाच हवा. पण 32 मायक्रोफॅरडच्या जागी 200 घातला, तर तो भरताना प्रवाहाचे मोठे झटके बसतात. ईझेड 80 या रेक्टिफायर व्हॉल्व्हला 50 मायक्रोफॅरडपर्यंतच मुभा आहे. जुन्या कार्बन रोधांची किंमत वर्षांनुवर्षे वाढत जाते आणि ते खरखरतात. तेही मोजावेत, आणि चुकलेले तेवढेच बदलावेत.

आता महत्त्वाचा इशारा. असे यंत्र तुम्ही स्वतः मुळीच उघडू नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये 300 व्होल्ट दाब टिकून राहू शकतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. हे काम जाणकाराचेच आहे.

तुमच्यासाठी निर्धोक प्रयोग असा : 9 व्होल्टच्या बॅटरीला 1 किलोओहमचा रोध आणि एलईडी एकसर जोडा. बॅटरीच्याच दोन टोकांना 1000 मायक्रोफॅरडचा, 16 व्होल्टचा कंडेन्सर धन-ऋण टोके पाहून लावा. बॅटरी काढा. दिवा हळूहळू मंदावेल. मग 100 मायक्रोफॅरडचा लावून पाहा. दिवा जवळजवळ लगेच विझेल. वाळलेला कंडेन्सर असाच वागतो.

त्या विद्यार्थ्याने काढलेला जुना व्हॉल्व्ह आम्ही पुन्हा बसवून पाहिला. तो उत्तम चालला! नव्यासाठी घातलेले पैसे मात्र परत आले नाहीत.