गिरणी, चॉकलेट आणि जागेचा भाव

ठाण्यात पोखरण रोडच्या बाजूचे दोन पत्ते असे आहेत की रिक्षात बसून तेवढंच सांगितलं तरी पुरतं: कॅडबरी आणि रेमंड. कल्याण सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालं की शहाड आणि आंबिवली ही लागोपाठची स्टेशनं येतात. एकाला सेंच्युरी रेयॉन, दुसऱ्याला मोहन्याची एनआरसी. डोंबिवलीतून शिळफाट्याकडे जाताना प्रीमियर ऑटोमोबाइल्सची जुनी जागा लागते. कारखान्यात नोकरी, सोसायटीत घर आणि कपाटात त्याच कंपनीचे दहा-वीस शेअर, असा संसार या पट्ट्यात कित्येकांनी केला. व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगमधले जाणते लोक आयुष्यभर जे सांगत आले, ते पडताळून पाहायला हा पट्टा चांगला आहे. काही ठिकाणी त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलेलं दिसतं, काही ठिकाणी ते अपुरं पडतं.

या विचाराचे आद्य गुरू बेंजामिन ग्रॅहम. ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ हे त्यांचं पुस्तक १९४९ चं. शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा. त्या धंद्याचं मोल आपण काढायचं आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली आला तरच घ्यायचं, म्हणजे आपला हिशेब थोडा चुकला तरी मुद्दल वाचतं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण मोल काढायचं कशाचं, इथे आपल्याकडे गाडी रुळावरून घसरते. ‘अहो, नुसती जागा विकली तरी शेअरच्या तिप्पट होतील!’ हे वाक्य ठाणे-डोंबिवलीत एकदाही कानावर पडलं नाही, असा गुंतवणूकदार विरळा. गंमत म्हणजे ग्रॅहम पडेल भावातल्या कंपन्या शोधताना जमीन, इमारत आणि यंत्रं यांची किंमत चक्क शून्य धरत. रोकड, येणी आणि माल यांची बेरीज करायची, त्यातून सगळी देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेच्याही खाली शेअर मिळत असेल तर घ्यायचा, असा त्यांचा खाक्या होता.

वॉरन बफे हे त्यांचेच विद्यार्थी. तरीही १९६५ मध्ये त्यांनी बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी ताब्यात घेतली, कारण शेअर स्वस्त होता. गिरणी वीस वर्षं रखडत चालली आणि १९८५ मध्ये बंद पडली. त्या वर्षीच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी यंत्रांच्या लिलावाचा हिशेब दिला आहे. १९८१ मध्ये नगाला सुमारे ५,००० डॉलर मोजून घेतलेल्या मागांना ५० डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ते २६ डॉलरला एक या भावाने भंगारात गेले. ताळेबंदात लिहिलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांतलं अंतर याहून स्वच्छ दाखवणारा आकडा माझ्या माहितीत नाही.

मोहन्यात हेच घडलं, फक्त आपल्याकडे पत्र लिहून हिशेब देणारा कोणी नव्हता. एनआरसी म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. उल्हास नदीकाठी शेकडो एकर जागा, स्वतःची कामगार वसाहत, रेयॉनचं मोठं नाव. २००९ मध्ये टाळेबंदी झाली ती कायमची. कामगार थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिले, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं आणि पुढे जागा अदानी समूहाकडे गेली. ‘जागा विकली तरी’ हे भाकीत अशा रीतीने खरं झालं. पण दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेले कर्जदाते, मग बाकीची देणी. सामान्य भागधारक अगदी शेवटी, आणि बहुतेक वेळा त्याचा नंबर येईपर्यंत पातेलं रिकामं झालेलं असतं.

आता एक स्टेशन अलीकडे या. शहाडची सेंच्युरी रेयॉनही तेच रेयॉनचं सूत काढते, आणि ती सुरू आहे. २०१८ पासून तिचा कारभार ग्रासिमकडे आहे. धंदा एक, नदी एक, मजुरांचा बाजार एक. सेंच्युरीमागे सिमेंट आणि कागदाचेही धंदे असलेली मोठी कंपनी होती, हा फरक मोठा खरा. तरीही एवढ्या जवळ राहून दोन कारखान्यांचं नशीब इतकं वेगळं निघत असेल, तर गुंतवणूकदाराने कुंपणाच्या आतली एकरं मोजण्यापेक्षा कंपनीवरचं कर्ज आणि ती चालवणारी माणसं पाहावीत, हे उघड आहे. प्रीमियरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी, फियाट-पद्मिनीचा दबदबा, नव्वदच्या दशकात प्यूजोशी फसलेली सोयरीक, आणि आता त्या जागेवर टॉवर. फ्लॅट घेणाऱ्यांना जागा पावली.

रेमंडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, म्हणून जास्त शिकवणारी. ठाण्यातली ही गिरणी १९२५ ची, मूळची वाडिया वूलन मिल. १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली. २००९ च्या सुमारास ठाण्यातलं उत्पादन थांबलं आणि शहराच्या ऐन मध्यात शंभरावर एकर मोकळी जागा उरली. तेव्हापासून दर तेजीत कोणीतरी कागदावर गुणाकार करून दाखवायचा. पण गृहप्रकल्प प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१९ उजाडलं. त्याच वर्षी २० एकरांचा तुकडा सुमारे ७०० कोटींना विकला गेला. बांधकामाचा धंदा वेगळा काढून त्याचा शेअर बाजारात आला तो जुलै २०२५ मध्ये. म्हणजे जागा होती, कायदेशीर होती, कोणी हिसकावलीही नाही, तरीही ती भागधारकापर्यंत पोचायला पंधरा-सोळा वर्षं लागली. पंधरा वर्षांत साधी एफडीसुद्धा तिप्पट होते, हे गुणाकार करणाऱ्यांनी कधी वजा केलं नाही.

याच कंपनीत २०१७ मध्ये एक प्रसंग घडला. मुंबईत ब्रीच कँडीजवळच्या जेके हाउस इमारतीतले फ्लॅट प्रवर्तक कुटुंबातल्या सदस्यांना बाजारभावाच्या कितीतरी खाली देण्याचा ठराव वार्षिक सभेपुढे आला. त्यामागे जुना करार होता. मतांचा सल्ला देणाऱ्या संस्थेने धोक्याची घंटा वाजवली आणि भागधारकांनी ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला. कंपनीकडून ई-व्होटिंगची मेल आली की ती न वाचता पुसून टाकणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता चॉकलेट. बर्कशायरच्या गिरणीने हात पोळलेल्या बफेंनी १९७२ मध्ये सीज कँडीज ही कॅलिफोर्नियातली मिठाईची कंपनी अडीच कोटी डॉलरना घेतली. तिच्यात गुंतलेलं भांडवल होतं जेमतेम ८० लाख डॉलर. ग्रॅहमच्या फूटपट्टीने हा सौदा महाग होता. पण गिऱ्हाईक नाव पाहून माल घेत होतं, दरवर्षी भाव वाढवता येत होता आणि धंदा नवं भांडवल जवळपास मागत नव्हता. २००७ पर्यंत तिने करपूर्व मिळून १३५ कोटी डॉलर कमावले आणि त्यातले बहुतेक मालकाकडे पाठवले.

ठाण्याच्या कॅडबरीचा धंदा नेमका असाच. परकीय चलनाच्या १९७३ च्या फेरा कायद्यामुळे विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला आणि कोलगेट, कॅडबरी यांचे शेअर सरकारने ठरवलेल्या माफक भावात मध्यमवर्गाच्या हाती आले. पगारातून शंभर-दोनशे रुपये बाजूला काढून ते घेणारे खरे भाग्यवान. मात्र २००२ मध्ये ब्रिटनच्या मूळ कंपनीने ५०० रुपयांनी शेअर परत मागितले आणि २००३ मध्ये कॅडबरीचं नाव बाजारातून उतरलं. थोडे लोक अडून बसले. उरलेले शेअर सक्तीने घेण्यासाठी पुढे १,३४० रुपयांचा प्रस्ताव आला, लोक कोर्टात गेले, नव्याने मूल्यांकनं झाली आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शेअरमागे २,०१४ रुपये ५० पैसे देण्याला मान्यता दिली.

ही लढाई ‘संयमाचं फळ’ म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. हिशेब करून पाहू. साडेबारा वर्षांत ५०० चे २,०१४, म्हणजे वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास, लाभांश वेगळा. ५०० रुपये घेऊन ८ टक्क्यांच्या ठेवीत टाकले असते तर कर न धरता सुमारे १,३०० झाले असते. म्हणजे अडून बसणारा ठेवीदारापेक्षा पुढेच राहिला. पण डिसेंबर २००१ अखेर ३,२६२ वर असलेला सेन्सेक्स जून २०१४ अखेर २५,४१३ झाला होता, जवळपास पावणेआठपट. त्या ५०० रुपयांचा नुसता बाजारभर पसरलेला इंडेक्स फंड घेतला असता तर ३,८०० च्या पुढे गेले असते. धंदा उत्तम, मालक चिवट, निकाल बाजूने, तरीही फळ सरासरीहून कमी.

कारण सरळ आहे. सीजचा पैसा बफेंकडे येत होता, कारण ते पूर्ण मालक होते. कॅडबरीचा पैसा कुठे जायचा ते मूळ कंपनी ठरवत होती, आणि ठाण्यातल्या वीस शेअरवाल्याला बाजारात विकून मोकळं होण्याची वाटही उरली नव्हती. उत्तम धंदा निवडायचा, एवढाच बफेंचा अर्धा धडा उचलून चालत नाही; त्याचा पैसा आपल्यापर्यंत पोचतो का, हेही पाहावं लागतं.

मुंबईचे चंद्रकांत संपत, ज्यांना भारतातले व्हॅल्यू इन्व्हेस्टर गुरुस्थानी मानतात, २०१५ मध्ये गेले. हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपन्यांत त्यांनी वर्षानुवर्षं पैसा ठेवला. त्यांच्या कसोट्या ऐकायला रुक्ष आहेत: कर्ज नको, भांडवल गिळणारा धंदा नको, गुंतवलेल्या रुपयावर भरपूर परतावा हवा आणि लाभांश रोख हाती पडायला हवा. जागेचा उल्लेखही नाही. माझ्या मते लाभांशाची अट यातली सर्वांत शहाणी. नफ्याचे आकडे सजवता येतात, जागेचं मूल्यांकन फुगवता येतं. बँक खात्यात जमा झालेली रक्कम फुगवता येत नाही.

‘जे रोज वापरता त्या कंपन्या पाहा’ हा पीटर लिंच यांचा सल्ला आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. १९७७ ते १९९० या काळात मॅजेलन फंडावर वर्षाला २९ टक्के मिळवून देणारा हा माणूस. पण पाहिल्यानंतर ताळेबंद वाचा, हे त्यांच्या बोलण्यातलं पुढचं वाक्य कोणी ऐकत नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मोबाइलवर ऑप्शन खेळणाऱ्या पोरांना तर हेही नको असतं. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटींवर गेला होता. त्या गर्दीपुढे ताळेबंदाची गोष्ट कंटाळवाणी वाटणारच.

राहता राहिले ते कपाटातले जुने शेअर. प्रवर्तक चांगला, कंपनी नफ्यात, लाभांश नियमित, आणि तरीही पैसा मालकाला मिळत नाही, असं या पट्ट्यात अनेक घरांत चाललं आहे, कारण वडिलांच्या नावाची प्रमाणपत्रं जुन्या पत्त्यावरच आहेत. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअरच केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, जातात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतरणही बंद आहे. वारसाच्या नावावर करून ते डिमॅटमध्ये घ्यावे लागतात. निधीत गेलेले शेअर परत मिळवण्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्याला सरकारी शुल्क नाही. टक्केवारी मागणाऱ्या एजंटाकडे जाण्याआधी कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ क्रमांकासह एक पत्र पाठवा आणि आपले शेअर नेमके कुठे आहेत ते विचारा.