एक रायफल, तीन मापं

1960च्या सुमारास भारतीय जवानाच्या हातात ली-एनफिल्ड होती. दर गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. तोवर बरेच देश बेल्जियमच्या एफएएल रायफलीकडे वळले होते. तिच्यात गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढतं. काडतूस जाड, 7.62 बाय 51 मिलिमीटरचं.

परवान्याच्या वाटाघाटी फिसकटल्या, तेव्हा एआरडीई या संशोधन संस्थेनं बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन रायफली खोलून भाग न् भाग तपासला. 1958 साली स्थापन झालेली ही संस्था आज पुण्यात पाषाणला आहे. त्या अभ्यासातून 1ए1 उभी राहिली आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. जवान तिला एसएलआर म्हणत.

खरी गुंतागुंत मापांची होती. बेल्जियमची मूळ ड्रॉइंगं मेट्रिक. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानं ती इंचांत उतरवून घेतली. दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या तर सामान्य माणसाला फरक कळणार नाही. पण ब्रिटिश मॅगझीनचा पुढचा खिळा मोठा असल्यामुळे ते बेल्जियन रायफलीत बसतच नाही. उलट बेल्जियन मॅगझीन ब्रिटिश रायफलीत शिरतं, पण सैल राहतं. 1982च्या फॉकलंड युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांकडे याच घराण्याच्या रायफली होत्या, ब्रिटिशांकडे इंचांतली आणि अर्जेंटिनाकडे मेट्रिक. भारताची 1ए1 या दोन्हींहून निराळी निघाली. तिचे अनेक भाग कोणत्याच बाजूला सरसकट चालत नाहीत.

मॅगझीन सैल असेल तर फार तर गोळी अडकते. बोल्टचं तसं नाही. बंद बोल्टच्या तोंडापासून नळीतल्या काडतुसाच्या टेकूपर्यंतचं अंतर हेडस्पेस म्हणून ओळखलं जातं. ते जास्त झालं तर काडतुसाचं पितळी कवच फाटू शकतं, कमी झालं तर बोल्ट बंदच होत नाही. म्हणून नंबर 4 ली-एनफिल्डसाठी बोल्टची टोकं 0 ते 3 अशा क्रमांकांत बनत, आणि शस्त्रागारातला कारागीर गेज लावून योग्य टोक निवडत असे. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घालायचा नाही, हा नियम त्यातूनच आला. रायफलीची खरी ओळख या गेजमध्ये आहे, तिच्या बाह्य रूपात नाही.

अमेरिकन एआर रायफलींच्या घराण्यातही दिसायला सारखं, पण बसायला वेगळं असा हाच भेद आहे. 5.56 मिलिमीटरच्या एआर-15चे भाग लष्करी ड्रॉइंगमुळे बऱ्याच अंशी एकसारखे झाले. थोरल्या काडतुसाच्या एआर-10ला असं सर्वमान्य ड्रॉइंग कधी लाभलं नाही. एका कंपनीचा वरचा सांगाडा दुसरीच्या खालच्या सांगाड्यावर बसेलच असं नाही. असे भाग जुळवून रायफल बनवण्याचा उद्योग आपल्याकडे घरी करता येत नाही. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना शस्त्रनिर्मिती गुन्हा आहे, आणि ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात.

मापांचा गुंता आजही सुटलेला नाही. 2019 साली भारतानं अमेरिकेकडून 72,400 सिग 716 रायफली मागवल्या, त्याही 7.62 बाय 51च्या. अमेठीजवळच्या कोरव्यात बनणारी एके-203 मात्र 7.62 बाय 39चं काडतूस घेते. आकडा तोच दिसतो, पण एकीची काडतुसं दुसरीत चालत नाहीत, म्हणून दोन्हींचा पुरवठा वेगळाच ठेवावा लागतो.